आमच्या पायांचं माप घ्या

टाळ्या बंद करा आधी.

गेल्या हिवाळ्यात या शहरातल्या एका शर्यतीत आमच्या वस्तीतली बारा वर्षांची पोरगी तीन किलोमीटर अनवाणी पळाली. दुसरी आली. स्टेजवरचा पाहुणा लगेच माइकला चिकटला. म्हणाला, बघा, हिच्या पायात बूट नाहीत पण काळजात जिद्द आहे, यालाच म्हणतात मातीतलं सोनं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फोटोवाल्यांनी तिला पाय पुढं करायला लावला. तिचं तोंड त्यांना नको होतं. धुळीनं माखलेला, भेगाळलेला तळवा पाहिजे होता. पोरगी एक पाय दुसऱ्या पायामागं लपवायला लागली.

रात्री तिच्या घरात मोबाइलच्या उजेडात मी तिच्या टाचेतून सुईनं काच काढली. तिची आय पाय मांडीवर घट्ट धरून बसली होती. काच निघाली तेव्हा पोरगी म्हणाली, "दादा, ती पहिली आली ना, तिचे बूट बघितले का? पायात काहीच नसल्यावानी पळत होती."

दोस्तहो, त्या पाहुण्याच्या अख्ख्या भाषणाला हे एक वाक्य पुरून उरतं. बूट घातलेल्या पोरीला स्वतःचे पाय विसरता आले. आमच्या पोरीला रस्त्यावरचा खडान्‌खडा मोजत पळावं लागलं. आणि भाषण झालं ते मोजणाऱ्या पायांच्या कौतुकाचं. हे कौतुक स्वस्त पडतं. बूट महाग पडतात.

मी कोच-बिच नाही. पहाटे साडेपाचला वस्तीतली वीस-बावीस पोरंपोरी गोळा करतो आणि पर्वतीच्या पायथ्यानं, कालव्याच्या कडंनं पळायला नेतो, एवढंच. या पोरांच्या पायांत काय असतं ते ऐका. शाळेचे काळे रेक्झिनचे बूट, जे लाकडासारखे वाकतच नाहीत. पट्टा तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली स्लिपर. थोरल्या भावाचे बूट, दोन नंबर मोठे, पुढं कागदाचा बोळा कोंबलेला. बाकीच्यांचे नुसते पाय. अंगावर शाळेचा शर्ट, नाहीतर कुठल्यातरी साहेबाच्या वाढदिवसाचा टी-शर्ट, मोठ्या माणसाच्या मापाचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा, छातीवर साहेबाचा हात जोडलेला फोटो. घाम आला की साहेब पोराच्या अंगाला चिकटतो आणि पळू देत नाही.

अनवाणीचं कौतुक करणाऱ्यांचा एक लाडका देव आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी जिंकला. भाषणात हटकून येतो. पण गोष्ट तिथंच का तोडता? रोममध्ये त्याला पायात नीट बसणारे बूट मिळाले नाहीत, आणि सवय अनवाणीची होती, म्हणून तो तसा पळाला. १९६४ साली तोच बिकिला टोकियोत पळाला. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. पायात मोजे आणि बूट. जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात जिंकला, जागतिक विक्रम करून. तो टोकियोचा बिकिला तुमच्या भाषणात का येत नाही? कारण गरिबाच्या पायात बूट आले की तुमच्या डोळ्यांतलं पाणी आटतं.

आपल्या महाराष्ट्रातली सावरपाड्याची कविता राऊत घ्या. आदिवासी पोरगी, लहानपणी अनवाणी पळाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरला कांस्य आणलं. पदकाची वाट बुटांतून गेली. लोक मात्र अजून अनवाणी पायांचीच गोष्ट सांगतात. बंगालमधल्या जलपाईगुडीची स्वप्ना बर्मन बघा. बाप रिक्षा ओढणारा. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. पाच बोटांच्या बुटात सहा बोटं कोंबून, दुखणं सोसून ती २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हेप्टाथलॉनचं सुवर्ण जिंकली. सात प्रकार, दोन दिवस. मग तिनं जाहीरपणे मापाचे बूट मागितले, आणि २०१९ साली आदिदास कंपनीनं तिच्या पायाचं माप घेतलं. आधी सोनं आणा, मग माप घेऊ, असा या देशाचा हिशेब आहे. आणि जी सोनं आणण्याआधीच लंगडी झाली तिची मोजदाद कुठल्या रजिस्टरात?

आता कोणी विद्वान म्हणेल, अनवाणी पळणं पायाला चांगलंच असतं, परदेशात लोक मुद्दाम पळतात. असतं ना! मऊ मातीवर, हिरवळीवर, थोडा वेळ. त्यानं पाऊल मजबूत होतं, मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्या घरी बूट आहेत तो बूट काढून पळतो तेव्हा त्याला व्यायाम म्हणतात. ज्याच्या घरी बूटच नाहीत तो डांबरावर, काचांवर, गटाराच्या कडंनं पळतो त्याला व्यायाम म्हणू नका. त्याचं नाव वेगळं आहे आणि ते नाव या शहराला चांगलं माहीत आहे.

कारण हे पुणं आहे. पेशवाईत आमच्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधला होता, पावलांनी बाटलेली धूळ मागच्या मागं झाडली जावी म्हणून. गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवलंय. त्याआधी १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. वय चौदाच्या आसपास. तिनं सांगितलंय की पेशवाईत तालमीसमोरून मांग-महार गेलेला दिसला तर त्याचं मुंडकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानात ते चेंडूसारखं खेळायचे. गुलटेकडी! आज तिथं मार्केट यार्ड आहे, आमचे बाप हमाली करतात. तर या शहरातल्या मैदानानं आम्हाला शिकवलेला पहिला धडा हा: मैदान त्यांचं, खेळ त्यांचा, चेंडू आमच्या मुंडक्याचा.

दुसरा धडा बाळू पालवणकरांचा. जातीनं चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर रोलर ओढायला, खेळपट्टी राखायला होते. साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकून टाकून देशातले पहिल्या नंबरचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यांनी टाकलेला चेंडू कोणाला बाटवत नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र संघ आत, आणि बाळू बाहेर, वेगळ्या मातीच्या बोळक्यात चहा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात या माणसानं शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. म्हणजे पळा, फेका, जिंकून द्या. पण बरोबरीनं उभं राहू नका.

कपडा आणि जोडा ही शोभेची वस्तू आहे असं ज्याला वाटतं त्यानं महाड आठवावं. डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळली, आणि मागोमाग बाबासाहेब बायांशी बोलले. लुगडं कसं नेसायचं यावर बोलले! अंगभर, घोट्यापर्यंत नेसा. जातीची खूण सांगणारे गळ्याहातातले जड दागिने फेकून द्या. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी लढाई, आणि तो नेसण्यावर का बोलला? कारण जात आधी अंगावर दिसते, मग तोंडातून निघते. अंगावरची खूण काढणं हीसुद्धा लढाईच. १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीचं देऊळ उघडा म्हणून शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि आपली माणसं त्या पायऱ्यांकडं निघाली तेव्हा त्यांच्या अंगावर दगड आले. आज पहाटे त्याच पायऱ्यांवर भारी बूट घातलेली मंडळी व्यायामाला चढ-उतार करतात. त्यांनी जरूर करावा. माझी पोरं पण त्याच पायऱ्या चढतात. फक्त खाली बघा एकदा, कोणाच्या पायात काय आहे. शंभरावर पायऱ्यांत शंभर वर्षांचा हिशेब दिसेल.

आणि बूट केले कोणी? चामडं कोणी कमावलं? मेलेलं ढोर कोणी ओढलं? ढोर, चांभार, महार, मांग, आग्र्याचे जाटव. पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या पायाचं माप आमच्या आज्यानं तोंडपाठ ठेवलं. पाटलाच्या टाचेला कुठं भेग आहे, कुलकर्ण्याचा अंगठा किती वाकडा, सगळं ठाऊक. गावाला आमच्या एकाही पायाचं माप ठाऊक नव्हतं. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली, कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता. बोंबाबोंब झाली तेव्हा कबूल केलं. जगाला आमची कला पाहिजे, हात पाहिजेत. आमचे पाय मात्र कोणाला नको आहेत.

मग दयाळू लोक येतात. जुने बूट गोळा करण्याची मोहीम काढतात. पोतं आणून वस्तीत ओततात, पोरं त्या ढिगावर तुटून पडतात, फोटो निघतो. या ढिगाबद्दल मी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलतो. माझी आय कचरा वेचायची. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं ओळखपत्र तिच्या गळ्यात असायचं, मान ताठ असायची. सोसायट्यांच्या कचऱ्यातून तिनं मला एकदा पळायचे बूट आणले. वरून नवेकोरे दिसत होते. मी दोन वर्षं त्यात पळालो. नंतर कळलं ते असं: पळायच्या बुटाच्या तळाला फोम असतो, तो साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये मरतो. वरचं कापड चकचकीत राहतं आणि आतला जीव गेलेला असतो. म्हणूनच त्या माणसानं तो फेकला होता. शिवाय ज्यानं घातला त्याच्या चालीप्रमाणं तो झिजतो. त्याचं पाऊल आत वळत असेल तर तुमचंही आत वळवतो. माझा डावा गुडघा आज जिना उतरताना कुरकुरतो. परक्या माणसाची चाल मी दोन वर्षं पायात घालून फिरलो.

आयला दोष देत नाही. तिनं तिच्या हाताला लागलेलं सर्वांत चांगलं आणलं. दोष त्यांना, ज्यांना मेलेला बूट जिवंत पायात घालताना लाज वाटत नाही, आणि वर आम्ही आभार मानावेत असं वाटतं. द्यायचाच असेल तर नवा द्या, मापाचा द्या. नाहीतर कचरा कचऱ्यात टाका. त्याची वर्गवारी करायला आमच्याच बाया आहेत.

आता सरकार. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या आठवीपर्यंतच्या सगळ्या पोरांना बूट-मोजे द्यायचे. चांगलं ठरवलं. तोवर मोफत गणवेश सगळ्या मुलींना, पण मुलांत फक्त अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळायचा. म्हणजे वर्गात नवा शर्ट बघूनच जात ओळखा! ती भिंत पडली, त्याला जयभीम. पण रक्कम किती ठेवली? एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे, मिळून १७० रुपये. एकशे सत्तर! एवढ्यात पाय झाकतो, पळत नाही. मग 'एक राज्य, एक गणवेश' निघालं. कापड एकाच ठिकाणाहून, शिलाई एकाच हुकमावर. २०२४ ची शाळा सुरू झाली तरी गणवेश पोचले नाहीत, पोचले ते अनेक ठिकाणी मापाचे नाहीत म्हणून बोंब झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिली. मंत्रालयातून पोराची छाती मोजता येत नाही हे कळायला पोरांचं अख्खं वर्ष गेलं. बुटांवरच्या कराचंही तेच. १ जानेवारी २०२२ पासून हजार रुपयांच्या आतल्या, म्हणजे गरिबाच्याच बुटावर जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर परत ५ टक्के आला. मधली पावणेचार वर्षं ज्या पोरांचे पाय वाढले त्यांचं काय? पाय थांबून राहत नाहीत.

आणि याच शहरात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडानगरी उभी राहिली, २००८ ला तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ट्रॅक आहे, दिवे आहेत, कमानी आहेत. ट्रॅकला क्रीडा साहित्य म्हणतात, बुटाला मात्र दान म्हणतात! अरे, पळणाऱ्या पोराचा ट्रॅक त्याच्या पायाखालून सुरू होतो. पहिलं क्रीडा साहित्य बूट. बाकी सगळं नंतर.

पोरींबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. बारा-तेराव्या वर्षी आमच्या पोरी पळणं सोडतात. लोक म्हणतात, घरचे पाठवत नाहीत. मी घरोघर जाऊन विचारलं. आयांनी सांगितलं, अन्‌ खरं सांगितलं: छाती हलते, पोरं बघतात, टपरीवरचे शिट्या मारतात. घट्ट बसणारी, पळायची ब्रा नाही. पाळीच्या दिवसात डाग पडेल म्हणून काळी, जाड पँट पाहिजे, ती नाही. ओढणी घेऊन कोण पळेल? दोन कपडे नाहीत म्हणून एक धावपटू संपते, आणि चर्चा होते 'मुलींच्या मानसिकतेवर'. ज्या कार्यकर्त्यांना 'ब्रा' हा शब्द सभेत उच्चारायची लाज वाटते त्यांनी सावित्रीबाईंचं नाव घेऊ नये. अंगावर शेण फेकलं जायचं म्हणून ती माउली शाळेत बदलायला दुसरं लुगडं बरोबर न्यायची. तिला माहीत होतं की पोरींना शिकवायचं असेल तर आधी लुगड्याची सोय लागते.

आता आपल्या घरातला कचरा. १४ एप्रिलला आपण किती वर्गणी काढतो? डीजेच्या भिंती किती, फ्लेक्स किती, फ्लेक्सवर तोंडं किती? एका रात्रीच्या डीजेत वस्तीतल्या सगळ्या पळणाऱ्या पोरांचे वर्षाचे बूट येतात. हिशेब करून बघा, मी केलाय. आणि आपलेच पुढारी पोरांना काय वाटतात? स्वतःचा फोटो छापलेला एक्स्ट्रा लार्ज टी-शर्ट. दहा वर्षांच्या पोराला! त्याला पोर दिसतच नाही, फिरतं होर्डिंग दिसतं. मी एका पुढाऱ्याकडं वीस जोड मागायला गेलो. म्हणाला, यादी दे. मी नावं आणि पायाची मापं लिहून दिली. म्हणाला, मापं कशाला, सरसकट पाच नंबर घेऊ, ज्याला बसतील त्याला बसतील. साला, बाबासाहेबांच्या अंगावरचा सूट सरसकट शिवलेला होता काय? तो माणूस गोलमेज परिषदेत मापाच्या सुटात उभा राहिला म्हणून समोरच्यांना बरोबरीनं बोलावं लागलं. सरसकट हा शब्द गुलामांसाठी असतो. माणसाला माप असतं.

म्हणून आम्ही माप घ्यायला सुरुवात केली. काही अवघड नाही, तुमच्या वस्तीत उद्या करा. संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागद जमिनीवर, टाच भिंतीला. पोराला उभं करा, बसवू नका; अंगाचं वजन पडलं की पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ धरून कडंनं फिरवा. सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा, ते अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजा, ते सारखे नसतात. मोठ्या पायाच्या मापाचा बूट घ्या. बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी, साधारण एक सेंटिमीटर, जागा ठेवा. जास्त नको. 'वाढत्या पायाला मोठा घ्या' म्हणून दोन नंबर मोठा घेतला की पाऊल आत घसरतं, नखं काळी पडतात. दुकानात बूट हातात घेऊन वाकवा. बोटांच्या मुळाशी वाकला तर पाऊल चालेल, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. लहान पोरांना खिळ्यांचे बूट घाईनं देऊ नका. आणि तीन-चार महिन्यांनी माप परत घ्या. टाच दुखते म्हणणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला नाटकी म्हणू नका. त्या वयात टाचेचं हाड वाढत असतं, ताण आला की खरंच दुखतं. त्याला थांबवा.

मागण्या तीनच. पहिली: महापालिकेच्या शाळांतून किंवा वस्तीतून जे पोर पळायच्या सरावाला येईल त्याला पळायचे बूट, मोजे, पँट, बनियन, आणि पोरींना लागतील ते आतले कपडे, क्रीडा साहित्य म्हणून हक्कानं मिळाले पाहिजेत. जातीचा दाखला बघून नको, फोटो काढून नको. दुसरी: माप घेऊन. वर्षाला दोनदा, कारण पोर वाढतं. तिसरी: काम आपल्या कारागिरांना द्या. ज्यांच्या हातानं गाव चाललं त्या हातांना आधुनिक मशिन द्या, आणि पुण्याच्या पोरांचे बूट त्यांना करू द्या.

हे होईपर्यंत आम्ही कुठल्याही शर्यतीत पोरं अनवाणी उतरवणार नाही. टाळ्या मिळणार नाहीत, चालेल.

परवा त्या पोरीचं माप घेतलं. उजवा पाय डाव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. टाचेच्या जखमेची जागा पेन्सिल फिरवताना तिला गुदगुल्या करत होती, हसायला लागली. कागदावर तिनं स्वतःच नाव लिहिलं, तारीख लिहिली. तसे बावीस कागद माझ्याकडं फाइलला लावलेले आहेत. महापालिकेच्या दारात तेच घेऊन जाणार आहोत.

या शहरानं आमची पावलं आमच्याच कमरेच्या झाडूनं पुसून घेतली होती. आता ती कागदावर आहेत. मोजून. पुसून दाखवा.

जयभीम.